अपघातानंतरचा पहिला तास आणि पहिला कागद

बंधूभगिनींनो, मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे महामार्ग आपल्या धुळ्यात एकमेकांना मिळतात, आणि तिकडे चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून रात्रंदिवस वाहतूक चालते. रस्त्यावरचा अपघात कधी पाहिलाच नाही असा माणूस खान्देशात विरळा. मी मोटार अपघाताच्या दाव्यांचे काम करणारा वकील आहे. अपघात कसे टाळावेत हा आजचा विषय नाही, तो घडून गेल्यावर हातून काय व्हावे, एवढेच मला सांगायचे आहे.

गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे, चारही इंडिकेटर लावावेत आणि मागून येणाऱ्या वाहनांना लांबूनच दिसेल अशी काहीतरी खूण करावी. कापसाच्या दिवसांत रात्री रस्त्यात थांबलेल्या ट्रॉलीवर मागचे वाहन आदळते आणि मदतीला धावलेलेच जखमी होतात, म्हणून हे आधी. त्यानंतर १०८ वर रुग्णवाहिका, ११२ वर पोलीस आणि राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३. फोन करताना 'पारोळ्याच्या पुढे' एवढेच सांगून भागत नाही. रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा वाचून सांगितला तर गाडी नेमकी तिथे येते.

आपल्याकडे गर्दी जमायला वेळ लागत नाही, पण जमल्याबरोबर ती चूक कोणाची याचा निवाडा करू लागते. तो निवाडा करायला पुढे न्यायालय आहे. जखमीला मात्र तेवढा वेळ नसतो. इजा झाल्यापासूनच्या पहिल्या तासात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते, हे मोटार वाहन कायद्यानेही मान्य केले आहे. रक्त वाहत असेल तर खांद्यावरचा स्वच्छ रुमाल जखमेवर घट्ट दाबून धरावा आणि सारखा उचलून पाहू नये. बेशुद्ध किंवा अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी पाजू नये. माया म्हणून पाजलेले ते पाणी श्वासनलिकेत उतरू शकते. आग लागण्यासारखा धोका नसेल, तर हातपाय धरून उचलून त्याला पिकअपमध्ये टाकण्याची घाई करू नये, कारण मानेच्या मणक्याला इजा असेल तर त्या एका हिसक्याने माणूस जन्माचा अधू होतो.

'पोलिसांच्या लफड्यात कोण पडेल' या भीतीपोटी लोक बाजूने निघून जातात. ही भीती आता सोडली पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १३४-अ आले आणि १ ऑक्टोबर २०२० पासून त्याचे नियम लागू झाले. मदत करणाऱ्यावर नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. पैशांची चिंताही काही अंशी हलकी झाली आहे: २०२५ च्या योजनेनुसार अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख न भरता उपचार मिळतात.

वाहनचालकाने जखमीला उपचार मिळवून द्यावेत आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवावे, असे कलम १३४ सांगते. जमाव अंगावर येत असेल तर थांबण्याची सक्ती नाही, हेही त्याच कलमात आहे. अशा वेळी सरळ जवळच्या पोलीस ठाण्यात जावे.

आता कागदाविषयी, कारण माझ्याकडे येणाऱ्या घरांचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. मोटारसायकलवरच्या माणसाला धक्का लागतो, खरचटते, डोक्याला टेंगूळ येते. समोरचा हजार-दोन हजार हातावर ठेवतो, आणि गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले की हा भला माणूस भानगड नको म्हणून 'गाडी घसरून पडलो' असे सांगतो. दोन दिवसांनी उलट्या सुरू होतात आणि स्कॅनमध्ये मेंदूत रक्तस्राव निघतो. पुढे भरपाईच्या दाव्यात विमा कंपनीचा वकील केसपेपरवरची तीच ओळ वाचून दाखवतो. त्या तीन शब्दांनी कितीतरी घरांची न्याय्य भरपाई अडली आहे, आणि हे दरवेळी पाहताना मला अतिशय दुःख होते. म्हणून डॉक्टरांना खरे तेच सांगावे, एमएलसी, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून रुग्णालयात होणारी नोंद, करून घ्यावी आणि दुखणे किरकोळ वाटले तरी पोलिसांत खबर द्यावी. वाहने हलवण्याआधी नंबरप्लेट, टायरचे ओरखडे आणि दोन्ही गाड्यांची जागा यांचे फोटो काढावेत, पंचनाम्याची प्रत मागावी, आणि विमा कंपनीला कळवून सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गाडी गॅरेजमध्ये उघडू देऊ नये.

धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरीही मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर इजा असल्यास पन्नास हजार रुपये सरकारी योजनेतून मिळतात. एरवीच्या दाव्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत घातली आहे, म्हणून दिवसकार्य आटोपताच वकिलाला भेटावे. दावा अपघात झाला तिथेच लावावा लागतो असेही नाही. नंदुरबारकडची कितीतरी माणसे कामासाठी गुजरातेत जातात. अपघात सुरतेजवळ झाला तरी घरची माणसे जिथे राहतात, त्या आपल्या जिल्ह्यातल्या न्यायाधिकरणात त्यांना दावा दाखल करता येतो.