हाक बिघडते कुठे?

श्रोतेहो, नमस्कार.

कुत्र्यांना शिकवण्याचा नाद लागलेल्या माणसाच्या घरात बऱ्याचदा एक जुना पट्टा खुंटीवर तसाच लटकत असतो. ज्याचा तो पट्टा, तो आता नसतो. मागे राहिलेला असतो एक प्रश्न. घरात इतका शहाणा असलेला तो, मैदानात हाक मारली की लांब का पळायचा? आज एवढंच पाहू, कारण पुढच्या कुत्र्याच्या वेळी ते उपयोगी पडतं.

हाक बहुतेक वेळा आपणच बिघडवतो. खेळ रंगात आला असताना ‘ये’ म्हणतो आणि साखळी अडकवून घरी नेतो. ‘ये’ म्हणतो आणि आंघोळ घालतो, नखं कापतो. उशिरा आला म्हणून रागावणं तर सगळ्यात वाईट. आपल्या लेखी ती शिक्षा पळाल्याची. त्याच्या लेखी नुकत्याच केलेल्या गोष्टीची, म्हणजे जवळ आल्याची.

म्हणून नव्या कुत्र्याला नवा शब्द द्या. जुन्याची हाक कितीही जिव्हाळ्याची असली, तरी ती घरात सगळ्यांच्या तोंडी सैल झालेली असते. शिट्टीही चालते. आपला वैताग शिट्टीत उतरत नाही, हा तिचा मोठाच गुण.

पहिले दोन-तीन दिवस त्याला काहीच करायला सांगू नका. तो समोर असताना शब्द उच्चारा आणि लगेच खाऊ द्या. मात्र आधी शब्द, मग हात खिशाकडे. दोन्ही एकदम झालं तर तो हात बघायला शिकतो, शब्द कानावरून जातो. तुकडा मटाराच्या दाण्याएवढा. १०-१२ वेळा, तीन-चार मिनिटांत आटपा. दिवसभराचा असा खाऊ एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा.

मग दोन पावलांवरून, मग दुसऱ्या खोलीतून हाक मारा. बाहेर नेताना १० मीटरची लांब दोरी लावा, ती हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बांधायच्या साजाला. गळ्यातल्या पट्ट्याला लावली तर धावताना दोरी संपल्यावर मानेला हिसका बसतो. दोरी हाताला गुंडाळू नका, बोटं जायबंदी होतात. आणि दोरीने ओढून आणलेला कुत्रा ‘आला’ असं मोजू नका. अंतर वाढवलं त्या दिवशी आजूबाजूची गडबड कमी हवी. दहापैकी आठ वेळा येत नसेल, तर एक पायरी मागे या.

हाक एकदाच. तीन-तीनदा मारली की तो तिसरीची वाट बघायला शिकतो. नाही आला तर उलट दिशेला पळा; पाठलाग करण्यापेक्षा पाठलाग करवून घेणं सोपं.

आला की आधी पट्ट्याला हात लावा, मग खाऊ द्या, आणि पुन्हा खेळायला सोडा. हे ‘सोडा’ बहुतेक लोक विसरतात. हात आणि खाऊ यांचा क्रम चुकला, तर खाऊ पळवून हाताला चकवणारा कुत्रा तयार होतो. आंघोळीसाठी मात्र बोलावूच नका, जाऊन आणा.

शब्दासोबत पहिल्या दिवसापासून दोन्ही हात पसरण्याची खूणही ठेवा. म्हातारपणी अनेक कुत्र्यांना ऐकू कमी येतं आणि घरचे म्हणतात, हट्टी झालाय. खूण माहीत असलेला कुत्रा तेव्हाही येतो.