खाऱ्या वाऱ्यातले पाइप आणि त्यांची दुरुस्ती

(सोलापुरात नळकाम करणारे कारागीर आणि घरमालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो,

समुद्रापासून अडीचशे किलोमीटरहून अधिक लांब असलेल्या या गावात किनाऱ्यावरच्या घरांतील गळक्या पाइपांची चर्चा कशासाठी, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनात आला असेल. इथे बसलेल्यांपैकी काही जण कामासाठी अलिबाग-रत्नागिरीकडे जातात आणि काहींनी तिकडे घरे घेतली आहेत, हे त्याचे सरळ उत्तर आहे. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. सोलापुरात तयार झालेला हात आणि इथे तयार झालेली नजर तिकडे जशीच्या तशी लागू पडत नाही, कारण आपल्याकडे पाइप बहुधा आतून बिघडतो आणि किनाऱ्यावर तो बाहेरून बिघडतो. गळती बुजवण्याआधी पाइप कोणत्या बाजूने खराब झाला, हे ठरवावे लागते. ते न ठरवता केलेली दुरुस्ती पुढच्या पावसाळ्यापर्यंतही टिकेल याची खात्री देता येत नाही.

आपल्या बोअरचे पाणी काळ्या पाषाणातून येते आणि जड असते. पाइपात, गिझरमध्ये आणि शॉवरच्या जाळीत त्याचे पांढरे थर बसतात, अर्धा इंची पाइपातून पेन्सिलीएवढी धार येऊ लागते, म्हणून आपला कारागीर पाइप कापला की आधी आत डोकावतो. कोकणात ही सवय सोडू नका, परंतु त्याआधी पाइपाची पाठ पाहा, म्हणजे भिंतीकडची, हात न पोचणारी बाजू. तिथे आरसा धरावा लागला तरी धरा.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटताना उडणारे बारीक तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, त्यांतले पाणी उडून जाते आणि मीठ पाइपावर, खिडकीच्या गजांवर, पंपाच्या बोल्टवर बसते. हे मीठ कोरडे पडून राहिले असते तर फारसे बिघडले नसते. पण साधे मीठ हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःच ओल ओढून विरघळते, आणि समुद्राच्या मिठात असणारे मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्के आर्द्रतेलाच पाणी धरू लागते. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत उतरते, त्यामुळे पाइपाच्या अंगाला सुकण्याची उसंत मिळते. किनाऱ्यावर ती जवळजवळ मिळतच नाही, म्हणून पाऊस नसतानाही पाइपावर खारट पाण्याचा पातळ थर राहतो आणि गंजण्याची क्रिया रात्रंदिवस चालू राहते.

यातून एक गोष्ट निघते, जी पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. उघड्यावर पावसात भिजणाऱ्या पाइपापेक्षा पडवीच्या छपराखाली, वळचणीला, जिन्याखाली सुरक्षित ठेवलेला पाइप अनेकदा आधी सडतो. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो उघड्या पाइपावरचे मीठ धुऊन नेतो, तर आडोशाच्या पाइपावर मीठ फक्त साठत जाते. म्हणून किनाऱ्यालगतच्या घरमालकाला मी पहिला सल्ला देतो तो फुकटातला आहे. आडोशाचे पाइप, नळाच्या तोट्या आणि पंप महिन्यातून एकदा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावेत. पंप पुसण्याआधी वीज बंद करावी, हे वेगळे सांगायला नको.

भिंतीत गाडलेल्या लोखंडी पाइपांची गोष्ट याहून बिकट आहे. कोकणातली जुनी घरे जांभ्याच्या चिऱ्याची. चिरा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात तो ओल धरतो आणि ती हळूहळू सोडतो. त्यात गिलाव्याला खाडीची न धुतलेली वाळू वापरली असेल तर मीठ बाहेरून येण्याची गरजच उरत नाही, ते आपणच भिंतीत भरून ठेवलेले असते. जस्ताचा मुलामा संपला की लोखंड गंजते, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागत असल्याने गिलाव्याला पाइपाच्या रेषेत उभी चीर पडते. ती चीर दिसली, तिच्या कडेने तांबूस डाग उतरला, तर गळती अजून सुरू झालेली नसली तरी ती येणार हे धरून चालावे. चिरेवर पुट्टी भरून रंग लावणे म्हणजे घरमालकाने स्वतःची फसवणूक करून घेणे होय.

आता गळती शोधण्याविषयी. ओल जिथे दिसते तिथेच छिद्र असते, असे मानून भिंत फोडू नये, कारण पाणी चिऱ्यांच्या सांध्यांतून उताराच्या बाजूने बरेच दूर जाऊन मग दिसते. रात्री सर्व नळ बंद करून टाकीतील पाण्याच्या पातळीवर खूण करावी आणि सकाळी पाहावे. पातळी उतरली असेल तर दुसऱ्या रात्रीपासून टाकीतून निघणाऱ्या वाहिन्यांचे व्हॉल्व रात्रीला एक याप्रमाणे बंद ठेवावेत. ज्या रात्री पातळी उतरत नाही, त्या रात्री बंद असलेली वाहिनी दोषी. पातळी मुळीच उतरत नसेल आणि भिंत तरीही ओली असेल, तर ते पाणी पावसाचे, सांडपाण्याचे किंवा टाकी भरणाऱ्या वाहिनीचे असू शकते आणि टाकीतून निघणाऱ्या पाइपाला हात लावण्याचे कारण नाही. एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. टाकीतील पाण्याची पातळी छिद्राच्या आठ मीटर वर असेल, तर केवळ एक मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून ताशी सुमारे २० लिटर, म्हणजे दिवसाला ५०० लिटरच्या आसपास पाणी जाते. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्या सोलापुरात या आकड्याचा अर्थ कोणत्याही गृहिणीला समजावून सांगावा लागत नाही.

छिद्र सापडले की बहुतेकांचा हात एम-सीलकडे जातो. तिला माझा विरोध नाही, पण ती तात्पुरती आहे हे मनाशी पक्के असावे. पाणी बंद करून, पाइप कोरडा करून, पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासल्यावरच ती धरते. गंजावर लावली तर ती गंजालाच चिकटते आणि गंजाबरोबर निघून येते. त्याहून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर क्लॅम्प आवळणे अधिक भरवशाचे, कारण तिथे चिकटण्याचा प्रश्न नसतो, दाब काम करतो. हे दोन्ही उपाय दुकान उघडेपर्यंतचे समजावेत. बाहेरून सडलेल्या पाइपाला एक छिद्र पडले, याचा अर्थ आजूबाजूची भिंतही तितकीच पातळ झालेली आहे आणि दुसरे छिद्र तयार होत आहे.

म्हणून खरी दुरुस्ती म्हणजे सडलेला तुकडा काढणे. किती काढायचा, हे हातोडीच्या हलक्या टिचकीने कळते. चांगला पाइप खणखणतो, सडलेल्याचा आवाज बसका येतो आणि पापुद्रे पडतात. दोन्ही बाजूंना खणखणीत धातू लागेपर्यंत मागे जावे. जुना सांधा सोडवताना एक पाना सॉकेटवर (दोन पाइप जोडणाऱ्या आखूड नळीवर) आणि दुसरा पाइपावर असलाच पाहिजे. एकाच पान्याने जोर लावला तर पीळ पुढच्या एल्बोपर्यंत (वळणाच्या जोडापर्यंत) जातो आणि ज्या सांध्याला काही झालेले नव्हते तोही गळू लागतो. नवा तुकडा बसवताना युनियन (पाइप न फिरवता सोडता येणारा जोड) घालावी, आणि नव्याने पाडलेल्या आट्यांकडे विशेष लक्ष द्यावे. आटे पाडताना जस्ताचा मुलामा कापला जातो, तिथे लोखंड उघडे पडते आणि किनाऱ्यावरचा गंज बहुधा सॉकेटच्या तोंडाशी उघड्या राहिलेल्या दोन-तीन आट्यांपासूनच सुरू होतो. टेफ्लॉन टेप आत पाणी अडवते, बाहेरच्या आट्यांना ती वाचवत नाही. सांधा आवळून झाल्यावर त्यावर जस्तयुक्त प्रायमर आणि वर रंग, हे दहा मिनिटांचे काम कोणी करत नाही. कोकणात ते करावेच लागते.

पितळी व्हॉल्व सरळ जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपावर बसवण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि सोलापूरच्या कोरड्या हवेत ती बरीच वर्षे निभावतेही. खारट ओलीत मात्र दोन धातूंमध्ये विजेची सूक्ष्म देवाणघेवाण जोरात चालते, आणि त्यात जस्त व त्यामागोमाग लोखंड झिजते, पितळ शाबूत राहते. व्हॉल्व बदलून उपयोग नाही, कारण तो दोषी दिसत असला तरी मेलेला असतो त्याच्या शेजारचा पाइप. दोन्हींमध्ये प्लास्टिकचा जोड घालणे हा उपाय आहे. स्टेनलेस स्टीलचेही तसेच. बाजारात सर्रास मिळते ते ३०४ प्रतीचे असते आणि समुद्राकाठी त्यावर तपकिरी डाग पडतात. ३१६ प्रतीत दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, ती महाग पडते पण टिकते. क्लॅम्प आणि स्क्रूसाठी तरी तीच घ्यावी.

मग सगळेच प्लास्टिकचे का करू नये? करावे, माझे मत तेच आहे. किनाऱ्यालगतच्या घरात नवे लोखंडी पाइप टाकण्याचे मला एकही कारण दिसत नाही. थंड पाण्याला यूपीव्हीसी आणि गरम पाण्याला सीपीव्हीसी (दोन्ही पीव्हीसी प्लास्टिकचेच प्रकार), इतकी विभागणी पाळली तर मीठ या पाइपांना काही करू शकत नाही. परंतु त्यांचे शत्रू वेगळे आहेत आणि त्यांतला पहिला आपल्या चांगल्या ओळखीचा आहे, तो म्हणजे ऊन. उन्हात वर्षानुवर्षे राहिलेला पीव्हीसी पाइप ठिसूळ होतो आणि साधा धक्का लागला तरी तडकतो. त्याला फिक्या रंगाचा, पाण्यात मिसळणारा रंग द्यावा, तेलाचा रंग देऊ नये. दुसरी बाब प्रसरणाची. सीपीव्हीसीचा दहा मीटर लांबीचा पाइप तीस अंश तापला की सुमारे दोन सेंटिमीटरने लांब होतो, जे लोखंडाच्या पाचपट आहे. सोलापूरच्या गच्चीवर काम केलेल्या कारागिराला हे ठाऊक असते आणि तो क्लॅम्प सैल ठेवून वळण देतो. हे कौशल्य तिकडे घेऊन जाण्यासारखे आहे.

जोडाबद्दल थोडे अधिक. सीपीव्हीसीला पीव्हीसीचे सॉल्व्हंट, म्हणजे जोड चिकटवण्याचे द्रावण, लावू नये. पाइप काटकोनात कापून, कापलेल्या कडेचा खरबरीतपणा काढून, कोरडा करून, पाव वळसा देत आत बसवावा आणि काही सेकंद दाबून धरावा. व्हॉल्व नीट बंद होत नसल्याने थेंबथेंब पाणी येत असेल तर सॉल्व्हंटचा जोड धरत नाही, आधी त्या पाण्याचा बंदोबस्त करावा. कोकणातल्या पावसाळी हवेत जोड पक्का व्हायला डब्यावर लिहिलेल्यापेक्षा जास्त वेळ द्यावा. लोखंडाला प्लास्टिक जोडताना प्लास्टिकचे आतले आटे लोखंडी आट्यांवर आवळू नयेत. भरपूर टेफ्लॉन गुंडाळून पान्याने शेवटचा जोर दिला की ते उभे चिरते, आणि तेही त्या वेळी नव्हे, घरमालक झोपलेला असताना. त्यासाठी पितळी आटे बसवलेले एफटीए (आतून आटे असलेले प्लास्टिकचे जोड) मिळतात, तेच वापरावेत. गिलावा करण्याआधी कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने वाहिनी तपासून घ्यावी.

थंड देशांत पाइप फुटतात ते बर्फाने. आपल्याकडे ते कारण नाही. पाइप अचानक फुटतो तो दाबाच्या धक्क्याने. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनी १८९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीवाहिन्यांवर प्रयोग करून याचे गणित मांडले. लोखंडी पाइपात दाबाची लाट सेकंदाला सुमारे १२०० मीटर वेगाने धावते, त्यामुळे सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी एका क्षणात अडवले तर दाब १२ बारने वाढतो. आठ मीटर उंचीवरची टाकी एक बारही दाब देत नाही, यावरून कल्पना यावी. घरातील आखूड पाइपात इतकी वाढ सहसा होत नाही, पण विहीर उताराला आणि घर वर असे कोकणात सर्रास असते. पंपापासून टाकीपर्यंत लांब चढाची वाहिनी असते, पावसात वीज अचानक जाते, चढलेले पाणी मागे फिरते आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व (पाणी मागे येऊ न देणारा) धाडकन बंद होतो. पाइप पंपाजवळच्या एल्बोशी वारंवार फुटत असेल तर नवा एल्बो घालणे व्यर्थ आहे. स्प्रिंगचा, पाणी मागे फिरण्याआधीच बंद होणारा व्हॉल्व घालावा आणि एल्बोला जमिनीत काँक्रीटचा आधार द्यावा.

अशा घरांत बरीचशी वर्षभर कुलूपबंद असतात आणि गणपतीत व मे महिन्यात उघडतात. बंद ठेवताना टाकीचा मुख्य व्हॉल्व बंद करून पाइप रिकामे करावेत. आल्यावर तो एकदम न उघडता हळूहळू उघडावा, आणि त्याआधी सर्वांत वरचा नळ चालू ठेवावा, म्हणजे हवा निघून जाते. गेट व्हॉल्व (चाक फिरवून आतला पडदा वर-खाली करणारा) वर्षभर न फिरवल्यास अडकून बसतो, तो जोराने फिरवल्यास दांडी तुटते. तिथे पाव वळशात उघडणारा बॉल व्हॉल्व बरा.

विहिरीच्या पाण्याची चव बदलली तर तीही पाइपाचीच बातमी समजावी. किनाऱ्याजवळ जमिनीत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते आणि उपशाने गोड्याची पातळी एक मीटर उतरली की खालची खारी सीमा सुमारे चाळीस मीटर वर येऊ शकते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार क्लोराइड लिटरमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे. ते त्याच्या खूप पुढे गेले की लोखंडी पाइप आतूनही सडू लागतो आणि पितळी तोट्यांतले जस्त विरघळून त्या ठिसूळ होतात.

शेवटचा मुद्दा सुरक्षिततेचा आहे. अनेक जुन्या घरांत विजेचे अर्थिंग लोखंडी पाण्याच्या पाइपाला बांधलेले असते. तुम्ही मधला सडलेला तुकडा काढून तिथे प्लास्टिक घातले, की गळती थांबते आणि अर्थिंगही तुटते. त्यानंतर गिझर किंवा पंपात बिघाड झाला तर न्हाणीघरातला लोखंडी नळच वीज देऊ लागतो, आणि किनाऱ्यावरच्या ओल्या फरशीवर हे जिवावर बेतू शकते. म्हणून लोखंडी पाइप कापण्यापूर्वी त्याला कुठे तार बांधलेली आहे का, हे पंपापासून मीटरपर्यंत पाहावे. तार सापडली तर कापण्याआधी मुख्य वीज बंद करावी, इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे, आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला आहे याची खात्री करावी आणि मगच करवत हातात घ्यावी.