वैलाची आच, गॅसच्या बटणावर

श्रोतेहो, नमस्कार.

गॅसच्या शेगडीचे फायदे हा आजचा विषय ऐकून, यात नवीन ते काय सांगणार, असे आपल्यापैकी अनेकांना वाटले असेल. धूर होत नाही, भांडी काळी पडत नाहीत, फुंकणी लागत नाही आणि रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारत बसावे लागत नाही, हे सोलापुरातल्या कोणत्याही घरात माहीत आहे, म्हणून ते एवढ्यावरच सोडते. मला बोलायचे आहे ते आच हवी तशी कमी-जास्त करता येण्याविषयी, कारण माझ्या मते गॅसचा खरा फायदा तोच आहे, आणि तो आमच्या घरात एका चुकीमुळे कळला.

गोष्ट 1985 सालच्या जानेवारीतली आहे. माझी आत्या भवानी पेठेत राहत असे आणि ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून विकत असे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या, म्हणजे संक्रांतीच्या यात्रेच्या, दिवसांत बाहेरगावची माणसे येत आणि परत जाताना शेंगाचटणीबरोबर भाकऱ्यांची चवडच बांधून नेत. आत्याची रीत अशी होती की, भाकरी कागदासारखी पातळ थापायची, पाण्याचा हात फिरवून चुलीवरच्या तव्यावर भाजायची आणि मग वैलावर, म्हणजे चुलीला जोडलेल्या मंद आचेच्या दुसऱ्या तोंडावर, ठेवून, फडक्याने दाबत दाबत, पार कोरडी होईपर्यंत शेकायची. चुलीवर भाजणे आणि वैलावर वाळवणे, ही दोन कामे दोन वेगळ्या आचांची आहेत, हे लक्षात असू द्यावे.

नंबर लावून चार वर्षांनी, नेमका भोगीच्या आदल्या दिवशी, घरी गॅस आला. आत्याने मोठ्या कौतुकाने पहिली भाकरी टाकली आणि पाहते तर मधोमध रुपयाएवढा काळा डाग, कडा मात्र कच्च्या. दुसरी तशीच, तिसरीही तशीच. ज्योत मोठी ठेवली होती आणि तवा पातळ पत्र्याचा होता, त्यामुळे सगळी उष्णता मध्येच लागत होती. तिने चुलीवरचा भिडाचा जाड तवा आणून ठेवला, तेव्हा डाग गेला, पण भाकरी कडक काही होईना, कारण गॅसला वैल कुठून आणायचा? “हे चहापुरतं ठीक आहे,” असे म्हणून तिने एक शेवटची भाकरी टाकली, तेवढ्यात दारात गड्ड्याला आलेले पाहुणे उभे राहिले, आणि ती मला “गॅस बंद कर गं” असे सांगून बाहेर गेली.

मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि ते बटण मी त्यापूर्वी कधी हातात धरले नव्हते. बंद करण्यासाठी ते मागे फिरवायला हवे होते, मी पुढे फिरवले. आपल्या शेगडीचे बटण पुढे फिरवत गेले की ज्योत विझत नाही, ती बारीक होते. त्यातून खिडकीचे ऊन शेगडीवर पडलेले, आणि उन्हात ती बारीक निळी ज्योत दिसत नाही. गॅस बंद झाला, असे समजून मी पाहुण्यांसाठी आणलेल्या रेवड्यांकडे धावले.

चहाचे आधण ठेवायला आत्या परत आली, तेव्हा तव्यावरची भाकरी कडेपासून मध्यापर्यंत एकसारखी बदामी झाली होती. तिने ती उचलली, मोडली, आणि तो कट्ट असा आवाज बैठकीपर्यंत ऐकू आला. आधी मला एक धपाटा मिळाला, मग एक रेवडी मिळाली, आणि मग आत्या बटणाशी वाकून ते पुढे-मागे फिरवत कितीतरी वेळ बसली. वैल सापडला होता. आज आपण ज्याला सहज ‘सिमवर ठेव’ म्हणतो, ते आमच्या आत्याला असे मिळाले.

जाळ मोठा हवा तेव्हा मोठा, मंद हवा तेव्हा मंद, आणि तोही क्षणात, हे लाकडाला जमत नाही. सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन हे वायू दाबाखाली द्रवरूपात असतात. ते बर्नरकडे जाताना वाटेत हवा ओढून घेतात, हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी होते. ज्योत पिवळी दिसू लागली आणि भांड्याला काजळी धरू लागली, तर बर्नरची भोके बुजली आहेत, असे समजावे व ती साफ करावीत. निळी ज्योत म्हणजे पूर्ण जळणारा गॅस, पिवळी ज्योत म्हणजे वाया जाणारा गॅस. 14.2 किलोचे सिलिंडर किती दिवस पुरते, यात या रंगाचा वाटा मोठा आहे. जाता जाता सांगते, भाकरी करणाऱ्या घरांत काचेच्या शेगड्या कशाला घेतात, हे मला अजून उमगलेले नाही. भिडाचा तवा आणि काच यांचा संसार कसा व्हायचा?

माझी चूक गोड ठरली, तरी तीच चूक महागातही पडली असती. मंद ज्योत वाऱ्याने किंवा उतू गेलेल्या दुधाने विझते आणि गॅस मात्र सुटत राहतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो, म्हणून केवळ वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावे लागते. त्याला मुद्दाम मिसळलेला उग्र वास आला, तर विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालू असलेले बंदही करू नये, रेग्युलेटर बंद करावा, घराबाहेर यावे आणि 1906 या क्रमांकावर कळवावे. पुन्हा सांगते, एकोणीसशे सहा. आणि एरवीही स्वयंपाक चालू असताना खिडकी उघडी असावी, कारण धूर दिसत नसला तरी जळणाऱ्या गॅसमुळे बंद खोलीतली हवा बिघडतेच.

आत्या आता पंच्याऐंशीची आहे आणि भाकऱ्या सून करते. पण गॅस बंद केला, असे कोणी म्हटले की ती आजही उठून शेगडीजवळ जाते, ज्योतीवर हाताच्या पंजाची सावली धरते, खाली वाकून पाहते, आणि मगच जागेवर येऊन बसते.

नमस्कार.