लुटूपुटूचं दुकान

(दृश्य: दोन खुर्च्यांवर आडवी ठेवलेली काठी, तिला टांगलेला करवंट्यांचा तराजू. एक लहान हात पारड्यात बटाटा ठेवतो. पारडं खाली जातं.)

दोन करवंट्या, एक लाकडी पट्टी, थोडी सुतळी. चार-पाच वर्षांच्या मुलांचं किराणा दुकान एवढ्यावर उभं राहतं. फक्त तराजू खरंच झुकला पाहिजे. बाजारात मिळणारी, पारडी न हलणारी प्लास्टिकची तराजूची खेळणी मुलं लवकर टाकून देतात, कारण त्यांच्याशी करण्यासारखं काही नसतं.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की यांनी १९३३ च्या एका व्याख्यानात हेच मांडलं होतं. मुलासाठी काठी घोडा होते, कारण काठीवर टांग टाकून धावता येतं. काडेपेटीतल्या काडीचा घोडा होत नाही. वस्तू हुबेहूब दिसली नाही तरी चालेल, तिच्याशी ती कृती करता आली पाहिजे.

(दृश्य: करवंटीच्या कडेवर दोरा गुंडाळणारे हात.)

एकाच नारळाच्या दोन्ही वाट्या घ्या. खोबरं काढून, शेंड्या खरवडून कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. फुटलेल्या करवंटीची कड हात कापते, हे काम टाळू नका. आता कडेभोवती एक दोरा गुंडाळा, तो सोडवून त्याच्या तीन समान घड्या घाला, आणि त्या मापाने कडेखाली एक सेंटिमीटरवर तीन खुणा करा. खुणांवर भोकं मोठ्यांनीच पाडायची. दोनच भोकं पाडली तर पारडं कलंडतं आणि माल सांडतो. तिन्ही दोऱ्या २० सेंटिमीटरच्या, अगदी सारख्या हव्यात.

दांडीला ३० सेंटिमीटरची लाकडी पट्टी चालते. टोकांपासून एकेक सेंटिमीटर आत दोन भोकं आणि बरोबर १५ वर तिसरं. हे मधलं भोक पट्टीच्या वरच्या कडेजवळ पाडा, टोकांची दोन्ही त्याच्यापेक्षा जरा खाली. बहुतेक घरगुती तराजू इथेच फसतात. मधलं भोक खाली गेलं, की दांडी एका बाजूला जाऊन पडते आणि परत येतच नाही. टांगायची सुतळीही सैल फासाची ठेवा, आवळून बांधली तर दांडी अडकते.

डोळ्यांची करवंटी आणि दुसरी करवंटी यांचं वजन सहसा सारखं नसतं. हलक्या पारड्याच्या तळाला मातीचा किंवा मेणाचा गोळा चिकटवून पासंग करा. तो मुलांसमोरच करा. रिकामी पारडी सरळ रेषेत येताना बघण्यात मुलं रमतात.

तराजू हातात धरायला लावू नका. एक हात त्यातच अडकला तर माल भरायचा कसा? मुलाच्या छातीच्या उंचीवर टांगला की दोन्ही हात मोकळे. दोऱ्या असल्यामुळे खेळताना मोठं माणूस जवळ असावं, आणि खेळ संपला की तराजू वर उचलून ठेवावा.

(दृश्य: परातीत कागदाचा लगदा, शेजारी लिंबाएवढे धुतलेले दगड.)

आता माल. नुसत्या लगद्याचे बटाटे इतके हलके होतात की पारडं हलत नाही. म्हणून आत दगड घाला. जुन्या वहीची २०-२५ पानं फाडून रात्रभर भिजवा, कुटा, पिळा आणि त्यात दोन मोठे चमचे मेथीचं पीठ मिसळा. पूर्वी घरोघरी लगद्याच्या टोपल्या करताना मेथी याचसाठी घालत: ती चिकट असते, आणि कडू असल्याने कीड लागू देत नाही. अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर दगडांवर चढवा, तीन-चार दिवस उन्हात फिरवत वाळवा. थर जाड झाला तर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि बुरशी धरतो. पावसाळ्यात हा खटाटोप नकोच. जुन्या मोज्यात दगड आणि चिंध्या कोंबून तोंड शिवून टाका.

वजनं म्हणजे वाळू भरलेल्या, दुहेरी शिवलेल्या कापडी पिशव्या: ५० ग्रॅमच्या चार, १०० च्या दोन, २०० ची एक.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला गेलं. तिथे शंख, शिंपले, बिया, दगड अशा परिसरातल्या वस्तूच शिकण्याची साधनं झाल्या. त्या आजही तितक्याच उपयोगी आहेत, पण वयाचं भान ठेवून. चवळी किंवा वाटाणा नाकात गेला की ओलाव्याने फुगतो. वस्तू धोक्याइतकी लहान आहे का, हे घरच्या घरी तपासायचं तर १० सेंटिमीटर लांबीची जाड कागदाची पट्टी घ्या, टोकं एकमेकांवर न चढवता चिकटवून नळी करा. तिचा व्यास साधारण ३.२ सेंटिमीटर येतो. त्या नळीतून जी वस्तू आत जाते, ती तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही.

या लहानग्यांचं दुकान वेगळंच असतं. दीड-दोन वर्षांच्या मुलाला पाणी प्यायचं सोंग करायला पेलाच लागतो, ठोकळा चालत नाही. त्याला खरी वाटी, खरा डाव, खरी पिशवी द्या. तराजूची घाई नको.

(दृश्य: दुकानासमोर मांडी घालून बसलेली आजी.)

मोठ्यांनी गिऱ्हाईक व्हावं. ‘‘काय हो शेठ, कांदे ताजे आहेत का?’’ एवढं पुरतं. ‘‘सांग बरं, वीसमधून बारा गेले किती?’’ असं विचारलं की शेठ पुन्हा बालवाडीत जाऊन बसतो आणि दुकान बंद पडतं. दोन ५० च्या पिशव्या एका १०० ला तोलतात, हे पारडं त्याला दाखवतंच. त्याने बटाट्याला आंबा म्हटलं तर आंबाच घ्या, आणि पिकला आहे का ते विचारा.

मांडलेलं दुकान रोज रात्री मोडू नका, आठवडाभर कोपरा राहू द्या. गिऱ्हाइकी मंदावली की माल बदलायचा: बटाट्यांच्या जागी रिकाम्या बाटल्या आणि कागदाच्या पुड्या ठेवल्या की त्याच तराजूवर औषधांचं दुकान सुरू होतं.