बिस्केच्या उपसागरात पेटलेलं जहाज

श्रोतेहो, नमस्कार.

19व्या शतकाच्या सुरुवातीला समुद्रात बुडालेल्या जहाजांविषयी आज बोलायचं आहे. मालवण, हर्णै, श्रीवर्धनकडच्या श्रोत्यांना एक गोष्ट सांगायला नको. पावसाळ्यात दर्या बंद. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही. इंग्लंडहून हिंदुस्थानला येणाऱ्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांचं गणित मात्र उलटं होतं. त्यांना आपला नैर्ऋत्येचा मोसमी वारा पाठीशी हवा असायचा. तो गाठायचा, तर इंग्लंड सोडायचं ऐन हिवाळ्याच्या शेवटाला, जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणजे आपल्याकडच्या वाऱ्यासाठी त्यांच्याकडच्या वादळात शिरायचं.

त्यात जहाजं शिडांची. वारा किनाऱ्याकडे रेटायला लागला, नांगर धरेना, की जहाज खडकावर जायचंच. 5 फेब्रुवारी 1805 रोजी कंपनीचं ‘अर्ल ऑफ ॲबरगेव्हनी’ इंग्लंडच्याच किनाऱ्याजवळ, पोर्टलंडपाशी वाळूच्या दांड्यावर आपटून बुडालं. अडीचशेहून अधिक माणसं गेली. त्यांत कप्तान जॉन वर्ड्‌स्वर्थ होता, कवी वर्ड्‌स्वर्थचा सख्खा भाऊ. 24 डिसेंबर 1811 रोजी ब्रिटिश नौदलाची ‘सेंट जॉर्ज’ आणि ‘डिफेन्स’ ही दोन लढाऊ जहाजं डेन्मार्कच्या किनाऱ्यावर फुटली. एका दिवसात तेराशेहून अधिक माणसं बुडाली आणि दोन्ही मिळून वीस माणसंसुद्धा वाचली नाहीत.

हवामानाचा अंदाज नाही, बिनतारी संदेश नाही, सगळ्यांना पुरतील एवढ्या होड्या तर कुठल्याच जहाजावर नाहीत. 1824च्या मार्चमध्ये इंग्लंडमध्ये जहाजबुडीत सापडलेल्यांना वाचवण्यासाठी एक राष्ट्रीय संस्था निघाली. तिच्या जीवरक्षक नौका आजही काम करतात. पण त्या किनाऱ्याजवळच्या. भर समुद्रात मदत एकच: दुसरं एखादं शीड दिसणं. हे लक्षात ठेवा, दुसरं शीड दिसणं. कारण आता मी जी हकिकत सांगणार आहे, ती सगळी त्यावर उभी आहे.

जहाजाचं नाव ‘केंट’. साडेतेराशे टनांचं, जवळजवळ नवं. कप्तान हेन्री कॉब. 1825च्या फेब्रुवारीत ते इंग्लंडहून निघालं, बंगाल आणि पुढे चीनला जाण्यासाठी. जहाजावर 31व्या पलटणीचे 344 शिपाई, 20 अधिकारी, 43 बायका, 66 मुलं, 20 इतर प्रवासी आणि 148 खलाशी-अधिकारी. एकूण 641 जीव. बायका-मुलं मोठ्या संख्येनं होती, हे विसरू नका. पलटण हिंदुस्थानात वर्षानुवर्षं राहणार, म्हणून काही शिपायांची कुटुंबं बरोबर असायची. या बायकांची नावं फारशी कुठे सापडत नाहीत. अधिकाऱ्यांची सगळी सापडतात. मला हे फार खटकतं. आपल्याकडेही तेच आहे. 17 जुलै 1947 रोजी, ऐन गटारीच्या दिवशी, ‘रामदास’ बोट रेवसकडे जाताना बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. त्या सगळ्यांची नावं कोरलेली एक शिळा भाऊच्या धक्क्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. असो.

फ्रान्स आणि स्पेनलगतच्या बिस्केच्या उपसागरात ‘केंट’ वादळात सापडलं. पोटात तोफगोळ्यांचं शेकडो टन वजन, त्यामुळे जहाज भयंकर हेलकावत होतं. 1 मार्चची सकाळ, दहाचा सुमार. खालच्या कोठारात सामान जागेवर आहे ना, हे बघायला एक अधिकारी दोन खलाशांना घेऊन उतरला. हातात दिवा. तिथे मद्याचं एक पिंप सुटून गडगडत होतं. ते अडवायला लाकडाचे ठोकळे आणा म्हणून त्यानं खलाशांना पाठवलं आणि स्वतः पिंप धरून उभा राहिला. तेवढ्यात जहाज जोरात कलंडलं. हातातला दिवा पडला. तो उचलायला गेला, तर पिंप सुटलं, आपटलं, फुटलं. सांडलेल्या मद्यानं पेट घेतला.

ज्यांनी घरी स्टोव्ह पेटवलाय त्यांना माहीत आहे, स्पिरिट कसं पेटतं. बादल्या ओतल्या, ओली शिडं टाकली, खलाशांच्या झोपायच्या झोळ्या, म्हणजे हॅमॉक, ओल्या करून टाकल्या. आग पाण्याच्या पिंपांनी वेढलेल्या जागेत होती, म्हणून थोडा वेळ आशा होती. मग धूर बदलला. निळसर होता तो काळा, दाट यायला लागला आणि सगळ्या जहाजावर डांबराचा वास पसरला. खालून कोणीतरी ओरडलं, आग दोरखंडांपर्यंत पोचली! नांगराचे ते जाडजूड दोर, डांबर पाजलेले. आणि त्याच जहाजात बारुदाचं कोठार.

आता कप्तान कॉबनं काय केलं, ते ऐका. भर वादळात त्यानं खालच्या मजल्याच्या तोफांच्या खिडक्या उघडायला लावल्या. समुद्र आपणहोऊन आत घेतला! आग बारुदापर्यंत जाऊ नये म्हणून जहाज अर्धं बुडवायचं. खाली आजारी शिपाई होते, एक बाई आणि काही मुलं होती. वर येणं त्यांना जमलं नाही, ती तिथेच गेली. पण आग मंदावली. मंदावली, विझली नाही. पुन्हा सांगतो: कॉबनं जहाज वाचवलं नाही. त्यानं वेळ मिळवला, काही तासांचा.

डेकवर सहाशेच्या आसपास माणसं. काही जुने शिपाई मुकाट्यानं जाऊन बारुदाच्या कोठाराच्या बरोबर वर बसले. स्फोट झालाच, तर एका क्षणात सुटका व्हावी म्हणून. खोल्यांमध्ये काही पोरं अंथरुणात खेळण्यांशी खेळतच होती. आणि पलटणीच्या मेजर डंकन मॅकग्रेगरनं कागद घेतला, चार ओळी लिहिल्या. जहाज पेटलं आहे, मी, माझी बायको एलिझाबेथ आणि मेहुणी जोॲना, आम्ही आपले आत्मे परमेश्वराच्या हाती सोपवतो आहोत. खाली सही, तारीख. वडिलांच्या नावे असलेली ही चिठ्ठी बाटलीत गेली. त्या बाटलीकडे येतो मी.

‘केंट’च्या चौथ्या मेटनं, म्हणजे कप्तानाच्या हाताखालच्या चौथ्या अधिकाऱ्यानं, एका खलाशाला डोलकाठीवर चढवलं. तो वर गेला, चारी दिशांना बघत राहिला आणि एकदम टोपी हलवून ओरडला, शीड दिसतंय! दुसरं शीड!

ते ‘केंब्रिया’ होतं. अवघं दोनशे टनांचं. कॉर्नवॉलचे खाणकामगार घेऊन मेक्सिकोला निघालेलं. कप्तान विल्यम कुक. ‘केंट’नं तोफा डागल्या, पण वादळात त्या ऐकू जाणं कठीण. कुकच्या लोकांना धूर दिसला. पेटलेल्या जहाजाच्या पोटात बारूद असणार, हे कुठल्याही कप्तानाला कळतं. तरी कुकनं जहाज वळवलं. माझ्या मते त्या दिवसाचा सगळ्यात मोठा निर्णय हा होता, आणि इतिहासाच्या पुस्तकांत कुकला दोन ओळीसुद्धा मिळत नाहीत.

उतरायचं कुठल्या क्रमानं, असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘अंत्ययात्रेच्या क्रमानं.’ म्हणजे लष्करी अंत्ययात्रेत चालतात तसं, कनिष्ठ पुढे, वरिष्ठ सगळ्यात मागे. आधी बायका-मुलं. झुंबड होऊ नये म्हणून अधिकारी नंग्या तलवारी घेऊन उभे राहिले. पहिली होडी मोठ्या संकटातून ‘केंब्रिया’ला लागली. वर घेतलेला पहिला जीव कोण? मेजर मॅकग्रेगरचा मुलगा, काही आठवड्यांचं तान्हं बाळ. आईच्या हातातून चौथ्या मेटनं उचललं आणि वर दिलं.

त्यानंतर होडी जहाजाच्या कुशीला लावणंच अशक्य झालं. लाटा होड्यांचा चुरा करत होत्या. मग बायका-मुलांना दोराला बांधून जहाजाच्या मागच्या बाजूनं खाली सोडायला लागले. लाट होडी वर आणेल तो क्षण साधायचा. चुकला, की माणूस पाण्यात, पुन्हा वर, पुन्हा पाण्यात. बरीच मुलं अशी दोरावरच गेली. एका शिपायानं, स्वतःची नसलेली तीन मुलं अंगाला बांधून उडी टाकली. होडी हाती लागली नाही. त्याला परत वर ओढलं, तोवर त्यांतली दोन गेली होती.

पुरुषांना मागच्या शिडाच्या लांब आडव्या वाशावरून रांगत टोकापर्यंत जायचं आणि तिथून दोरावरून घसरायचं. जहाज हलेल तसं ते टोक कधी पाण्याला टेकतंय, कधी तीस-चाळीस फूट वर. अंधार पडला तरी फेऱ्या चालू होत्या. पलीकडे खाणकामगार ‘केंब्रिया’च्या बाहेरच्या साखळ्यांवर उभे राहून एकेकाला ओढून घेत होते. आयुष्य जमिनीखाली काढलेली माणसं ही! अंगावरचे कपडे त्यांनी भिजलेल्यांना दिले, झोपायच्या जागा दिल्या.

कप्तान कॉब शेवटच्या माणसांबरोबर राहिला. काही जण भीतीनं गारठले होते, वाशावर पाऊल टाकायला तयार होईनात. त्यानं विनवलं, हुकूम सोडले. जळक्या डेकमधून तोफा खाली कोसळायला लागल्या, तेव्हा तो निघाला. रात्री एक-दोनच्या सुमारास ‘केंट’ स्फोटानं उडालं.

641 पैकी साडेपाचशेहून अधिक वाचले. वाहत्या लाकडांना धरून राहिलेले चौदा जण दुसऱ्या दिवशी ‘कॅरोलाइन’ नावाच्या जहाजानं उचलले. दोनशे टनांच्या त्या ‘केंब्रिया’त पाचशेहून जास्त माणसं कोंबलेली, उभं राहायला जागा नाही, अन्न थोडं. वारा अनुकूल होता, म्हणून दोनेक दिवसांत ती कॉर्नवॉलमधल्या फालमथ बंदराला लागली. गावानं कपडे दिले, जेवू घातलं.

लाकडी जहाज आणि आग, याच्याइतकी भीती खलाशांना दुसऱ्या कशाची नव्हती. आणि लाकूड म्हटलं की मला आपला साग आठवतोच. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी ‘त्रिंकोमाली’ 1817 साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिथे जाणाऱ्या मराठी माणसानं लंडनचं एखादं दुकान कमी बघावं, पण ही बोट बघून यावी.

आता बाटली. चिठ्ठी लिहिणारा मेजर वाचला, बायको वाचली, बाळ वाचलं. चिठ्ठी मात्र जहाजावरच राहिली आणि स्फोटानंतर समुद्रात गेली. दीड वर्षाहून अधिक काळ ती बाटली अटलांटिक महासागरात फिरत होती. 1826च्या सप्टेंबरअखेरीस ती वेस्ट इंडिजमधल्या बार्बाडोस बेटाच्या किनाऱ्यावर मिळाली. आतला कागद वाचता येत होता.

आणि ते बाळ? त्याचं नाव जॉन मॅकग्रेगर. मोठेपणी त्यानं पंधरा फुटांची एक कनू, म्हणजे लहानशी अरुंद होडी, बनवून घेतली, तिला ‘रॉब रॉय’ नाव दिलं आणि 1865 साली एकट्यानं वल्हवत युरोपच्या नद्या-सरोवरांतून फिरला. पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये कनू चालवणाऱ्यांचा क्लब काढला. 1868-69मध्ये तो सुएझ कालव्यातून, नाईलमधून आणि थेट जॉर्डन नदीतून वल्हवत गेला.

नमस्कार.