रस रात्री घालू नका! संत्र्याचं चिया पुडिंग, गॅस न पेटवता

नमस्कार मंडळी, इंदूरहून! आज संत्र्याचं चिया पुडिंग करूया, गॅस नाही, ओव्हन नाही, दूध नाही आणि मधसुद्धा नाही, कारण आमच्या वहिनीने दूध-दही-तूप सगळं सोडलंय आणि इंदुरात गोड म्हटलं की रबडी, श्रीखंड, सराफ्यातली शिकंजी, सगळं दुधाचंच, मग आम्ही खातोय आणि ती बघत बसलीय हे मला अजिबात बरं वाटत नाही.

आधी चिया. हे बी मूळचं मेक्सिकोकडचं, पण आता आपल्या माळव्यात नीमचकडेही पिकतं, मी सियागंजमधून आणते. आणताना नीट बघा हं, मला एकदा एका दुकानात चिया म्हणून चक्क सब्जा दिला होता! (तळहात कॅमेऱ्याजवळ) हे बघा, हा सब्जा, एकसारखा काळा, पाण्यात टाकला की मिनिटभरात फुगतो. आणि हा चिया, करडा-पांढरा, अंगावर बारीक नक्षी, याला वेळ लागतो.

आता एक नारळ खवून, कोमट पाणी घालून मिक्सरला फिरवायचा आणि फडक्यातून पिळायचा, पहिलं घट्ट दूध एक कप घ्या. त्यात तीन चमचे किसलेला गूळ विरघळवून गाळून घ्या, गुळात कचकच असते, आणि चिमूटभर मीठ. मग पाव कप चिया. ढवळलं, दहा मिनिटांनी परत ढवळायचं, हे विसरलात तर दाण्यांच्या गुठळ्या होतात, वरून जेली आणि आत कोरडं, मग कितीही फेटा, मोडत नाहीत.

आता संत्रं. सालीत नख रुतवा, हातावर बारीक फवारा उडतो ना, तेच तेल, तोच खरा वास. फक्त वरचा केशरी भाग किसून आत्ताच नारळाच्या दुधात घाला, नारळाच्या स्निग्धपणात तो वास रात्रभरात मस्त उतरतो. पांढरा भाग नको, कडू असतो.

पण रस? रस आज नाही. मोसंबीचा रस काढून ठेवला की कडू होतो, घरोघरी माहितीये, संत्र्याचंही तेच. फोडीत असताना कडू लागत नाही, पण रस निघाला की बियांमधलं, पापुद्र्यातलं एक द्रव्य आंबटपणामुळे हळूहळू लिमोनिन बनतं आणि तेच जिभेला कडू लागतं. मीही पहिल्यांदा रस रात्रीच घातला होता, सकाळी वहिनीने एक चमचा खाल्ला, काही बोलली नाही, वाटी खाली ठेवली. तेव्हापासून हा माझा पक्का नियम.

रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी वर पांढरा थर दिसेल, घाबरू नका, खराब नाही झालंय, नारळाचं तेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं, हलवलं की मिसळतं. आता दोन संत्र्यांचा ताजा रस, बिया न चिरडता, हलक्या हाताने पिळून, अर्धा कप होतो. अर्धं लिंबूही पिळा, नुसतं संत्रं गुळापुढे मिळमिळीत लागतं.

(वाटी पुढे) वर सोललेल्या फोडी, पापुद्रा काढून, एवढी मेहनत घ्याच. चला, ही पहिली वाटी वहिनीची. वहिनी, ये गं!