नाही कोण म्हणतंय?

मला येणारे बहुतेक फोन एकाच वाक्याने सुरू होतात. ‘सर, डेटाबेस कनेक्ट होत नाहीये.’ मी विचारतो, पडद्यावर काय आलंय? उत्तर ठरलेलं: ‘एरर आलाय.’ अरे बाबा, एरर आलाय हे मला कळलं, त्यात लिहिलंय काय? मग पलीकडे शांतता. कारण तोवर त्याने ती खिडकी बंद केलेली असते. आपल्याकडे एरर ही वाचायची गोष्ट नाही, घालवायची पीडा आहे.

आज मला एवढंच सांगायचंय की कनेक्शन नाकारलं गेलं की आधी बघा, नाही कोण म्हणतंय. कॉन्फिगच्या, म्हणजे सेटिंग्जच्या, फाइलला हात त्यानंतर लावायचा.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आलं, तर ते उत्तर डेटाबेसचं नाही, त्या मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टीमचं आहे. तुम्ही वाड्यापर्यंत पोचलात, दिंडी दरवाजावरच्या माणसाने सांगितलं, ‘५४३२ नंबरच्या खोलीत कोणी नाही.’ म्हणजे रस्ता बरोबर आहे, मशीन जिवंत आहे, पण त्या पोर्टवर, म्हणजे त्या नंबरच्या खोलीत, कोणी ऐकत नाहीये. (काही फायरवॉलही, म्हणजे नेटवर्कवरचे पहारेकरी, मुद्दाम असंच उत्तर देतात, तेवढा अपवाद धरा.) ‘टाइमआउट’ आला तर कोणी काही बोललेलंच नाही. पत्ता चुकलाय, मशीन बंद आहे, नाहीतर मधला फायरवॉल तुमची पाकिटं, म्हणजे नेटवर्कवरून जाणारे डेटाचे तुकडे, गुपचूप गिळतोय. आणि ‘पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड’ आलं, तर पेढे वाटा. खुद्द डेटाबेस तुमच्याशी बोलला! तरीही लोक या टप्प्यावर फायरवॉल बंद करून बघतात. का, ते मला अजून कळलेलं नाही.

आता पोस्टग्रेस हा डेटाबेस घ्या. नवीन बसवलेला पोस्टग्रेस फक्त स्वतःच्याच मशीनवरून आलेल्यांचं ऐकतो, कारण ‘लिसन अ‍ॅड्रेसेस’ या सेटिंगची मूळ किंमत ‘लोकलहोस्ट’, म्हणजे हेच मशीन, असते. बाहेरून गेलात की रिफ्यूज्ड. ती किंमत बदलून नुसतं रीलोड करून, म्हणजे चालू सर्व्हरला फाइल पुन्हा वाचायला लावून, चालत नाही, सर्व्हर रीस्टार्टच करावा लागतो. त्यानंतर पुढचं दार, ‘पीजी एचबीए’ची फाइल: कोण, कुठून, कोणत्या डेटाबेसला, कशा प्रकारे ओळख पटवून येणार, याची यादी. तिला मात्र रीलोड पुरतं.

इथे एक गंमत आहे, तिने भल्याभल्यांना रडवलंय. पोस्टग्रेसच्या मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये एकच सेटिंग दोनदा लिहिलं तर शेवटचं खरं धरतात. एचबीएमध्ये उलट: वरून खाली वाचत जायचं, जी पहिली ओळ जुळेल ती खरी, पुढे बघायचं नाही. त्या ओळीत तुम्ही नापास झालात तर खालच्या ओळीत दुसरी संधी नाही. त्यामुळे लोक फाइलच्या तळाशी आपली नवी ओळ जोडतात, आणि वरची कुठली तरी जुनी, रुंद ओळ ते कनेक्शन आधीच पकडून बसलेली असते. मग वैतागून सर्वात वर सगळ्या जगासाठी ‘ट्रस्ट’ लिहून टाकतात. चालतं की! बिनापासवर्ड सगळ्यांचंच चालतं.

आणि आपण बरोबर फाइल उघडली आहे का, हे सर्व्हरलाच विचारा. ‘शो कॉन्फिग फाइल’, ‘शो एचबीए फाइल’ या आज्ञा त्यासाठीच आहेत. एकाच मशीनवर पोस्टग्रेसच्या दोन आवृत्त्या असल्या की माणूस तासभर भलतीच फाइल दुरुस्त करत बसतो.

मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ‘लोकलहोस्ट’ हा शब्द जपून वापरा. लिनक्सवर त्याच्या कमांड लाइन क्लायंटला (आज्ञा टाइप करून सर्व्हरशी बोलायचा प्रोग्राम) लोकलहोस्ट म्हटलं की तो नेटवर्कने जातच नाही, सॉकेट फाइलमधून, म्हणजे मशीनमधल्या आतल्या वाटेने, जातो, आणि तुम्ही दिलेला पोर्ट नंबर मुकाट्याने सोडून देतो. एका मशीनवर दोन सर्व्हर होते, ३३०६ वर खरा, ३३०७ वर चाचणीचा. मी लोकलहोस्ट आणि ३३०७ लिहून चाचणीचं टेबल रिकामं केलं. कोणतं रिकामं झालं ते तुम्हाला कळलंच असेल. बॅकअप आदल्या रात्रीचा होता म्हणून आज इथे उभा आहे. तेव्हापासून मी लोकलहोस्टऐवजी त्याच मशीनचा आकडी पत्ता, १२७.०.०.१, लिहितो.

पण मला खरी शिकवण मिळाली ती एका पतसंस्थेत. तिथे रोज सकाळी पहिली पावती फाटायची नाही. एरर यायचा, दोनचार वेळा बटण दाबलं की चालू, मग दिवसभर सुरळीत. तंत्रज्ञ अकराला पोचेपर्यंत सगळं ठीक असायचं. त्याने ‘मॅक्स कनेक्शन्स’, म्हणजे एकावेळच्या कनेक्शनांची मर्यादा, १५१ वरून ५०० केलं. फरक नाही. मग रोज सकाळी नऊला सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होईल अशी सोय केली. त्यानेही फरक नाही. काउंटरवरच्या बाईंनी मात्र स्वतःचा उपाय शोधला होता. कार्यालय उघडलं की एक रुपयाची पावती करायची, ती होईपर्यंत बटण दाबत राहायचं, झाली की रद्द करायची. त्या तिला ‘भवानीची पावती’ म्हणत. हे उघड झालं ते लेखापरीक्षकांमुळे: रोजची पहिली पावती रद्द का?

मी बाईंना विचारलं, एररमध्ये नक्की काय असतं? त्यांनी तो वहीत उतरवून ठेवला होता! ‘मायएसक्यूएल सर्व्हर हॅज गॉन अवे.’ म्हणजे कनेक्शन होतं, सर्व्हरने ते आपल्या बाजूने बंद करून टाकलं, आणि अ‍ॅप्लिकेशनला त्याचा पत्ताच नाही. मायएसक्यूएल रिकामं बसलेलं कनेक्शन २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी तोडतो. संस्था संध्याकाळी सहाला बंद, सकाळी दहाला उघडते. सोळा तास. अ‍ॅप्लिकेशनच्या पूलमधली, म्हणजे आधीच जोडून हाताशी ठेवलेल्या साठ्यातली, चारही कनेक्शनं रात्रीत मेलेली, आणि बाई बटण दाबून दाबून एकेका मढ्याला बाहेर काढत होत्या. नऊच्या रीस्टार्टने रात्री न मेलेलंही मारलं असतं. उपाय सर्व्हरवर नव्हताच. पूलमधल्या कनेक्शनचं आयुष्य अर्ध्या तासावर आणलं आणि वापरण्याआधी ते जिवंत आहे का, हे तपासायला लावलं. दोन ओळी. ५०० परत १५१ केलं, रीस्टार्टही काढला.

मी खुशीत घरी आलो. आठवड्याने तालुक्याच्या शाखेतून फोन. तिथला छोटा लिनक्स सर्व्हर मुख्य कार्यालयाच्या डेटाबेसला जोडलेला होता, आणि त्याचा प्रोग्राम वेगळा, जुना, पूल वगैरे नसलेला. तिथे जेवणाच्या सुट्टीनंतर पडदा गोठायचा. एरर नाही, काही नाही, नुसतं चक्र फिरतंय, पंधराएक मिनिटांनी कनेक्शन तुटल्याचा निरोप. इथे सर्व्हर ‘नाही’ म्हणतच नव्हता. मधला फायरवॉल अर्धा तास शांत राहिलेलं कनेक्शन आपल्या वहीतून खोडायचा आणि कोणालाच कळवायचा नाही. सर्व्हर समजतो कनेक्शन आहे, शाखा समजते आहे, आणि पाकिटं मधेच गडप. लिनक्स उत्तर न आलेलं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि मूळ सेटिंगला सुमारे पंधरा मिनिटांनी हात टेकतो, ती ही पंधरा मिनिटं. आता तुम्ही म्हणाल, टीसीपीचं, म्हणजे नेटवर्कवर बोलायच्या रीतीचं, ‘कीपअलाइव्ह’ असतं ना, शांत कनेक्शनवर मधूनमधून हाक मारणारं? असतं. पण प्रोग्रामने मागितलं तरच, आणि लिनक्समध्ये पहिली हाक ७,२०० सेकंदांनी जाते. दोन तास. फायरवॉल तीस मिनिटांत विसरलेला. प्रोग्राम कीपअलाइव्ह मागत होता हे नशीब, आम्ही फक्त हाकेची वेळ पाच मिनिटांवर आणली.

मुख्य कार्यालयातल्या बाईंना मी सांगून आलो होतो की आता भवानीच्या पावतीची गरज नाही. त्यांनी महिनाभर ती चालूच ठेवली. मग एका सोमवारी, सुट्टी जोडून आलेल्या दोन दिवसांनंतर, तिच्याशिवाय थेट सभासदाची पावती केली आणि मला फोन केला, ‘साहेब, पहिल्याच बटणाला झाली.’